विश्राम उतेकरचं तथापि

"वीस दिवस मुंबई ते लंडन. तिथं पुढच्या बोटीची वाट बघण्यात सहा. लंडन ते पोर्ट ऑफ स्पेन चौदा. झाले चाळीस. यायला तेवढेच, म्हणजे ऐंशी. उरलेले चाळीस तानाजीकडे राहायचं." विश्राम उतेकरनं पेन्सिल कानावर खोचली आणि कागद माझ्या डब्याशेजारी सरकवला. "बरोब्बर एकशेवीस, गोविंदराव. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही."

कागद म्हणजे रजेच्या छापील अर्जाची कोरी पाठ. तिच्यावर पट्टी धरून रकाने आखलेले. त्या रकान्यांप्रमाणे विश्रामला मिळायचं होतं ते असं: बावीस वर्षांच्या नोकरीतली पहिली रजा, पहिला समुद्रप्रवास, आणि अकरा वर्षांत न दिसलेला धाकटा भाऊ. भावाच्या बायकोला आणि तीन वर्षांच्या मुलीला तर त्यानं पाहिलंच नव्हतं. गोदूवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, मिळायचं होतं ते डॉक्टरांनी चिठ्ठीवर एका शब्दात लिहून दिलं होतं: हवापालट. बोटीची तिकिटं तानाजी काढणार होता. विश्रामनं घालायचे होते ते फक्त दिवस, आणि दिवस त्याच्या खात्यावर पडून होते.

"मुंबई ते लंडन वीसच कशावरून?" मी उगाच विचारलं.

"कंपनीला पत्र घालून विचारलं. उत्तर फायलीला लावलंय."

प्रवासाला निघायच्या आधी फाइल उघडणारा माणूस मी तो एकच पाहिला.

ठाण्यातली आमची कचेरी कुठली ते सांगत नाही. बरीच मंडळी अजून पेन्शन खातायत. विश्राम तिथं रजेच्या टेबलावर आणि मी आवक-जावकला. चरईतल्या चाळीतही त्याच्या आणि माझ्या खोलीत दोनच दारं. त्यामुळे मला त्याचं कचेरीतलं आणि घरचं दोन्ही दिसायचं. नाव विश्राम आणि बावीस वर्षांत एक दिवस विश्रांती नाही, हा विनोद प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यात स्वतः शोधून काढल्यासारखा करायचा. विश्राम दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा. त्याचंही काही बिघडत नव्हतं.

नियम असा की अकरा दिवस काम भरलं की एक दिवस हक्काची रजा जमा. एकशेवीस झाले की खातं भरलं. पुढचे जमतील ते बुडाले. बावीस वर्षांत विश्रामचे साडेपाचशेच्या आसपास दिवस असे बुडाले होते. त्याला त्याचं काही नव्हतं. दुसऱ्यांच्या रजा मात्र तो डोळ्यांत तेल घालून राखायचा. बहिणीच्या लग्नाला रजा हवी, तर लग्नपत्रिका जोडा. वडील आजारी, तर कुठल्या डॉक्टरचा दाखला? सगळं जोडलं तरी टिपणीच्या शेवटी त्याचं एक तथापि असायचंच: 'तथापि पर्यायी माणूस उपलब्ध नाही. आदेशार्थ सादर.'

आमच्या साहेबांचं आडनाव टिपणीस, आणि टिपणी वाचायचा त्यांना भारी कंटाळा. ते खाली 'टिपणीप्रमाणे' लिहून सही ठोकत. टिपणीत तथापि असलं की त्याचा अर्थ एकच: रजा नामंजूर. वर आणखी एक परिपत्रक होतं: नामंजूर झालेला अर्ज सहा महिने पुन्हा करता यायचा नाही. त्याचा मसुदाही विश्रामचाच.

त्या तथापिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे काळुराम शिपाई. हा कोलशेतचा, घरचं मिठागर. दिवाळीनंतर आगराचे बांध घालायला त्याला दर वर्षी आठ दिवस हवे असत, आणि दर वर्षी पर्यायी शिपाई नसे. एके वर्षी बांध फुटला, खाडीचं पाणी आत शिरलं आणि अर्ध्या हंगामाचं मीठ गेलं. काळुराम कचेरीत येऊन एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमचे तथापीन आमचा मीठ नेला." विश्राम कळवळला. त्याला दोन वेळा चहा पाजला. पुढच्या वर्षी पुन्हा तथापि लिहिलं.

आता तानाजीचं सांगतो. उतेकर मूळचे पोलादपुराकडचे. गोदूवहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा चौदा वर्षांच्या, आणि सासू मेलेल्या त्या घरात तानाजी पाच वर्षांचा. त्यांना स्वतःला मूल झालं नाही. तेव्हा दीर म्हणा, मुलगा म्हणा, तो तानाजीच. मोठा होऊन तो बोटीवर खलाशी म्हणून गेला. बेचाळीस साली लढाईत पाणबुडीनं त्याची बोट फोडली ती थेट वेस्ट इंडीजच्या समुद्रात. पाय मोडलेल्या तानाजीला ट्रिनिदाद नावाच्या बेटावर इस्पितळात टाकलं आणि बोट कंपनी त्याला विसरली. तो तिथंच राहिला, शिवणकाम शिकला, दुकान घातलं. बायको केली ती उसाच्या मळ्यावर गेलेल्या हिंदी मजुरांची नात.

त्रेपन्न सालच्या जानेवारीत त्याचं पत्र आलं. त्याच महिन्यात आपली क्रिकेटची टीम त्या बेटावर खेळत होती, त्यामुळे कचेरीत ज्याला डोंबिवलीच्या पुढचं स्टेशन सांगता येत नव्हतं त्यालाही पोर्ट ऑफ स्पेन पाठ होतं. पत्र चाळीत मीच वाचून दाखवलं, कारण विश्रामनं दोन ओळी वाचून ते माझ्या हातात दिलं.

"'दादा, वैनीस घेऊन ये. तिकिटं मी काढतो. इथं समुद्र घराच्या मागेच. नारळ आपल्यासारखे. पोरीचं नाव गोदा ठिवलंय. तिला सांगितलंय, तुझी खरी गोदा येनार हाय.'"

गोदूवहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. फुंकणी हातात धरून बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोताच्या नावाची पोर. हाक मारायची कशी वं तिला?"

त्यांना दोन जिने चढले की दम लागायचा, ओठ निळसर पडायचे. हृदयाची झडप नीट मिटत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. औषधापेक्षा समुद्राची हवा आणि चुलीपासून सुटका, असं त्यांचं मत. विश्राम ट्रिनिदादचं विचारायला गेला तेव्हा ते चष्मा काढून त्याच्याकडे बघतच राहिले.

"उतेकर, मी हवापालट म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात डहाणू होतं."

"डहाणूला आमचं कोणी नाही, डॉक्टर."

"बाई जातील का एवढ्या लांब?"

"जाईन म्हणते."

"मग लवकर न्या," डॉक्टर म्हणाले. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. 'लवकर' हा शब्द विश्रामनं कागदावर लिहून घेतला नाही. त्याला रकाना नव्हता.

मग आमच्या चाळीत सहा आठवडे दुसरा विषय नाही. माझी बायको शालू रोज दुपारी वहिनींकडे जाऊन बसायची.

"वहिनी, बोटीवर चूल कुठं मांडणार?"

"मांडायचीच न्हाय म्हणं. येळ झाली का घंटा वाजते, ताट म्होरं येतं."

"बरंय की."

"काय बरं? वीस दिस बाईमाणसानं करायचं काय मग?"

"बसायचं. पाणी बघायचं."

"आन् त्या जावेशी बोलू काय? तिची हिंदी, माजी ही असली."

"पोर आहे ना. पोरीशी बोला."

यावर वहिनी हसायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. तानाजीला कुळथाची पिठी आवडायची, म्हणून त्यांनी दोन शेर कुळीथ भाजून, भरडून, जात्यावर पीठ काढलं आणि डब्यात दाबून भरलं. त्यानंतर त्या अख्खा दिवस पडून होत्या. शालू ओरडली, तर म्हणाल्या, "मोकळ्या हातानं जाऊ व्हय पोरासमोर?"

पासपोर्टच्या फोटोसाठी विश्राम त्यांना कल्याणच्या पुढं विठ्ठलवाडीला घेऊन गेला. तिथल्या निर्वासितांच्या छावणीत एक सिंधी फोटोवाला स्वस्तात काढायचा. वहिनी डोक्यावरून पदर घेऊन बसल्या. विश्राम म्हणाला, दोन्ही कान दिसले पाहिजेत, तसा नियम आहे. पदर मागं सारला. जन्मातला पहिला फोटो, तोही परक्या पुरुषासमोर, कान उघडे टाकून. फोटोत त्या कुणीतरी लांबून हाक मारली असावी तशा दिसतात.

कचेरीतही ज्याचं त्याचं गणित मांडून झालं. मी तानाजीच्या पाकिटांवरची पोस्टाची तिकिटं आधीपासूनच काढून घेत होतो; आता विश्रामकडे तिथल्या वीस तरी तिकिटांची यादी दिली. टिपणीस साहेबांनी त्याला खोलीत बोलावून खुर्ची दिली. असं कधी होत नसे.

"खुशाल जा, उतेकर. अर्ज टाका, मी सही करतो. आणि हे बघा, तिकडे उसाची रम फार चांगली होते म्हणतात. इथं दारूबंदीनं खोकल्याच्या औषधाचीसुद्धा चोरी झालीय. एक बाटली. औषधापुरती हां."

"कस्टमचा नियम बघतो, साहेब."

"बघा, बघा," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा थोडा पडला.

एकीनं मात्र काही मागितलं नाही. आमच्या टायपिस्ट नीलाबाई गुप्ते. चाळिशीच्या, विधवा, बोलणं मोजकं. त्या एकदा मधल्या सुट्टीत विश्रामच्या टेबलाशी आल्या.

"उतेकर, तुमचं टेबल चार महिने मी बघते. माझं टायपिंग एक वाजेपर्यंत उरकतं."

"तसं नाही करता यायचं, नीलाबाई. टायपिस्टांची यादी वेगळी, कारकुनांची वेगळी. कारकुनाच्या जागी टायपिस्ट दाखवता येत नाही."

"दाखवू नका. नुसतं करू द्या."

विश्राम समजुतीनं हसला. "अहो, जे दाखवता येत नाही, ते करता कसं येईल?"

नीलाबाई वळल्या. मशीनवर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांच्या मशीनचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, पण तो माझा भास असेल.

फेब्रुवारीत अर्ज आला. विश्रामनं तो घरून लिहून आणला आणि माझ्या टेबलावर दोन्ही हातांनी ठेवला. मी आवक नंबर घातला. तिथून अर्ज रजेच्या टेबलावर जायचा, म्हणजे त्याचा त्याच्याकडेच. सगळ्यांचे अर्ज दोन दिवस रांगेत पडायचे, म्हणून यानं आपलाही दोन दिवस पडू दिला. तिसऱ्या दिवशी काढला, खात्याशी ताडून पाहिला आणि टिपणी लिहायला घेतली. मी पाठीमागून वाचत होतो.

'अर्जदार श्री. वि. धों. उतेकर यांच्या खात्यावर एकशेवीस दिवस हक्काची रजा शिल्लक आहे. पत्नीच्या हवापालटाचे कारण वैद्यकीय दाखल्यावरून समाधानकारक दिसते. तथापि रजेच्या टेबलावर पर्यायी कारकून उपलब्ध नाही. आदेशार्थ सादर.'

"अहो, हे काय लिहिलंत?"

"काय?"

"तथापि कशाला? 'समाधानकारक दिसते'ला टिंब द्या की!"

"काळुरामच्या अर्जावर दर वर्षी लिहितो ना मी? मग माझ्यावर कसं गाळू?"

"काळुरामचा नामंजूर होतो!"

"साहेबांनी स्वतः शब्द दिलाय. ते वाचतील, तथापि खोडतील, वर मंजूर लिहितील. खोडणं त्यांच्या हातात. लिहिणं माझ्या हातात." त्यानं शाई टिपून घेतली. "उद्या कुणी म्हणायला नको की उतेकरनं स्वतःची वेळ आली तेव्हा पेन वाकडं धरलं."

मला साहेबांच्या खोलीत जाऊन सांगता आलं असतं. पंधरा पावलं होती. पण दुसऱ्याच्या टेबलावरची टिपणी वाचली, हे कबूल करावं लागलं असतं. मी बसून राहिलो.

वीस तारखेला फायलींचा गठ्ठा आत गेला. पोर्ट ऑफ स्पेनला कसोटी सामना आदल्याच दिवशी सुरू झालेला. साहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र उघडं, आणि त्याच्या कडेनं सह्या चालू. गठ्ठा बाहेर आला. विश्रामनं तो नेहमीसारखा वरून एकेक करून पाहिला; स्वतःची फाइल मधूनच ओढून काढली नाही. सातवी त्याची निघाली. खाली लिहिलं होतं: 'टिपणीप्रमाणे.'

त्यानं ती दोनदा वाचली. मग 'नामंजूर' अर्जांच्या चळतीत ठेवली आणि आठवी उचलली.

बातमी साहेबांपर्यंत काळुरामनं नेली. साहेब खोलीतून बाहेर आले.

"अहो उतेकर, मी वाचलंच नाही! तुम्ही सांगायचं ना?"

"लिहिलं होतं, साहेब."

"बरं, दुसरा अर्ज टाका आत्ता."

"सहा महिने टाकता येत नाही. परिपत्रक आहे."

"कुणी काढलं हे परिपत्रक?"

"मसुदा माझा, सही आपली."

"मग ठेवा ते बाजूला!"

"बाजूला ठेवायची त्यात तरतूद नाही, साहेब."

साहेब हसले. आम्हीही हसलो, साहेब हसले की हसायचं असतं. साहेबांनी तिथंच फाइल मागवून एक रेघ मारली असती तर काम झालं असतं. पण तेवढ्यात आत टेलिफोन वाजला, ते आत गेले, आणि "माझी रम गेली म्हणायची" एवढं मागं वळून म्हणाले.

जावक नंबर मीच घातला.

घरी त्यानं कसं सांगितलं ते भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी शालूला म्हणाल्या, "सहा म्हैन्यांनी म्हणं. वीस आगस्टला अर्ज जायचा. सहा म्हैनं काय, आसं जातील." त्यांनी बोटांवर महिने मोजले, आणि करंगळीशी येऊन थांबल्या. तानाजीला पत्र गेलं, तारीख पुढं ढकल. त्यानं तिकिटं रद्द केली.

मे महिन्यात काळुराम विश्रामच्या टेबलाशी उभा राहिला. "भाऊ, डागतर बोलला ना, खारी हवा पायजे? मंग वयनीला आमचे कोलशेतला आना. खाडीची हवा पन खारीच हाय."

"अरे, पण तुझ्या बांधाच्या वेळेला मी..."

"बांध नंतर. वयनीला आना."

त्या रविवारी आम्ही चौघं गेलो; माजिवड्यापर्यंत टांगा, पुढं काळुरामची बैलगाडी. मिठागरात पांढरे ढीग लागलेले, बाया टोपल्या वाहत होत्या. काळुरामची आई आवडाबाई बांधावर बसली होती. तिनं वहिनींना शेजारी बसवलं आणि त्यांचे पाय पाहिले, मग आपले पुढं केले. टाचा दगडासारख्या झालेल्या.

"मिठान पाय आसं व्हतंत, बाय. चितेवं मानूस जलतो, पाय जलत नाय. मंग ते पुरावं लागतंत."

शालूनं तोंड फिरवलं. वहिनींनी मात्र त्या टाचांना हात लावून पाहिला. नंतर कितीतरी वेळ त्या खाडीकडे बघत होत्या. ओहोटी लागली होती, गढूळ पाणी वसईच्या अंगाला ओढलं जात होतं.

"हे पाणी कुटं जातं?"

"दर्याला," आवडाबाई म्हणाली.

"आन् दर्या तानाजीकडं जातो?"

"दर्या एकच. जात आसंल."

काळुराम ढिगावर फावडं टेकून उभा होता. तो विश्रामकडे बघून मिस्किल हसला. "पान्याला कनची रजा लागतं, भाऊ?"

विश्राम हसला नाही. पहिल्यांदाच. त्यानं खाली वाकून चिमूटभर मीठ उचललं आणि काय करावं ते न सुचून खिशात टाकलं.

वहिनींचा हवापालट झाला तो एवढा. सकाळी दहा ते दुपारी चार.

जूनमध्ये पावसाळी हवेनं कुळथाच्या पिठाला जाळी लागली. वहिनींनी ते टाकून दिलं आणि दुसरं दळलं. जुलैअखेर त्यालाही जाळी. आता त्यांना आमच्या दारापर्यंत यायलाही भिंत धरावी लागत होती. पावलं सुजलेली. शालू म्हणाली, "वहिनी, मी दळून देते, नाहीतर गिरणीत टाकूया." तर म्हणाल्या, "गिरणीचं त्याला कळतं. ल्हानपणी तोंडात घालून सांगायचा." विश्राम सकाळी नऊला कचेरीत जायचा, संध्याकाळी सहाला यायचा. वीस ऑगस्टच्या अर्जाची पक्की प्रत त्यानं लिहून तयार ठेवली होती. तारीख तेवढी कोरी.

"या वेळी तथापि लिहिणार?" मी विचारलं.

त्यानं कोऱ्या तारखेवरून बोट फिरवलं. "पर्यायी कारकून अजून नाहीच ना, गोविंदराव," म्हणाला.

नऊ ऑगस्टला सकाळी जात्याची घरघर ऐकू येत होती. मी दाढी करत होतो. घरघर थांबली. मी गालावरून वस्तरा फिरवून पाण्यात बुडवला, तरी ती पुन्हा सुरू झाली नाही. शालू हातातलं टाकून धावली. वहिनी जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून भिंतीला टेकल्या होत्या. जात्याभोवतीच्या पाळीत पीठ सांडलेलं होतं, फार तर पावशेर.

सहा महिने भरायला अकरा दिवस कमी पडले. अकरा दिवसांत एक रजा जमते.

एवढ्या लांबून तानाजी येऊ शकणार नव्हताच. मुलाच्या जागी सगळं विश्रामनंच केलं. तेरा दिवस तो कचेरीत आला नाही. ज्या वीस तारखेला अर्ज टाकायचा होता, त्या दिवशी बारावा होता. काळुराम कोलशेतहून आईला घेऊन आला. आवडाबाईनं जात्यापाशी पीठ झाडून गोळा केलं, पुडीत बांधलं आणि कोनाड्यात ठेवलं.

चोवीस तारखेला विश्राम कामावर आला. डोक्याचं मुंडण केलेलं, टोपी सैल झालेली. त्याच्या खुर्चीवरून नीलाबाई उठल्या.

"साहेबांनी तोंडी सांगितलं, तेवढं बघा म्हणून. सगळं जागच्या जागी आहे. एकदा बघून घ्या."

तो बसला आणि बघायला लागला. सत्तावीस अर्ज आले होते. एकेक दिवस, एकेक बेरीज, त्यानं पेन्सिलीच्या टोकानं तपासली. मी समोरून बघत होतो. तपासणारा माणूस चूक नसावी म्हणून बघतो की असावी म्हणून, ते त्याच्या मानेवरून कळतं. तास गेला. काळुरामनं ठेवलेला चहा निवला. सत्तावीस अर्जांत चूक नव्हती. कुणाचं काही अडलं नव्हतं.

शेवटी तो स्वतःच्या पानाशी आला. नीलाबाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'हक्काची रजा, तेरा दिवस. कारण: पत्नी सौ. गोदूबाई यांचे निधन. पर्यायी व्यवस्था: नीला गुप्ते, टायपिस्ट.' खाली साहेबांची सही, 'टिपणीप्रमाणे.'

पर्यायी व्यवस्थेपाशी त्याचं बोट थांबलं. त्यानं तांबडी शाई मागितली. मला वाटलं, आता खोडतो. टायपिस्ट दाखवता येत नाही. पण पेन तिथून वर गेलं. 'सौ.'च्या आधी, दोन शब्दांच्या फटीत मावेल एवढ्या बारीक अक्षरात त्यानं 'कै.' घातलं. तेरा दिवसांच्या कामात सापडलेली चूक ती तेवढीच. समासात त्यानं दुरुस्तीची आद्याक्षरं केली, टिपकागद दाबला आणि पान उलटलं.

आता एकूण. टिपणीस साहेबांची एक बाटली बुडाली; ते ती विसरले. तिकिटांचे पैसे कंपनीनं थोडे कापून तानाजीला परत दिले. माझी पोस्टाची वीस तिकिटं आली नाहीत. सप्टेंबरात तानाजीचं पत्र आलं, त्याच्या पाकिटावर एक नवीन होतं, ते मी काढून घेतलं नाही. विठ्ठलवाडीचा फोटो वाया गेला नाही, मोठा करून भिंतीवर लागला, कान उघडे. त्या दिवाळीला काळुरामच्या अर्जावर तथापि नव्हतं. त्याला आठ दिवस मिळाले. विश्रामच्या खात्यावर एकशेवीसातून तेरा वजा जाऊन शिल्लक एकशेसात. गोदूवहिनींचं नाव कचेरीच्या कुठल्याच वहीत कधी नव्हतं. आलं ते त्या एका ओळीत, आणि ती ओळ खर्चाच्या बाजूला.